वार्धक्यांतील विस्मरण : सौम्य बोधक्षीणता आणि स्मृतिभ्रंश

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण कधींच उच्चारली गेली नाहीं असें मराठी घर विरळाच. आजोबांनीं कपाळावर चढविलेला चष्मा घरभर शोधला, किंवा आजीनें धाकट्या नातवास हांक मारतांना आधीं त्याच्या बापाचें, मग काकाचें आणि शेवटीं त्याचें स्वतःचें नांव घेतलें, कीं म्हण तयारच असते. ऐकणारे हंसतात, जिच्यावर ती म्हण फेंकली ती आजीहि हंसते. परंतु या तीन शब्दांनीं दोन प्रकारचे घात केले आहेत. जेथें खरोखर रोग सुरू झालेला असतो तेथें ‘वयच झालें, चालायचेंच’ असें म्हणून घरचीं माणसें स्वस्थ बसतात. आणि जेथें रोग नसतो तेथें चांगल्या धडधाकट माणसाच्या हातून किल्ल्या, पासबुक आणि घरांतील मान हीं हळूहळू काढून घेतलीं जातात. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आजीआजोबा आहेत, म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करावा असें आम्हांस वाटलें.

विसरणें हें स्मरणाइतकेंच स्वाभाविक आहे. वय वाढलें म्हणजे मेंदूचा वेग मंदावतो. ओळखीच्या माणसाचें नांव जिभेवर येऊन अडतें आणि घटकाभरानें आपोआप आठवतें. एक काम करीत असतां दुसरें मनांतून निसटतें. यास रोग म्हणतां येत नाहीं. याच्या अगदीं दुसऱ्या टोंकास स्मृतिभ्रंश, म्हणजे ज्यास डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, तो उभा आहे. स्मृतिभ्रंशाची खरी खूण विसरणें ही नसून परावलंबन ही आहे, हें वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. चष्मा कोठें ठेवला तें न आठवणें निराळें आणि चष्मा कशासाठीं असतो तें न आठवणें निराळें. ज्या बाईनें चाळीस वर्षें घर चालविलें तिला साध्या स्वयंपाकाचा क्रम लागेनासा होतो. नेहमींच्या बाजारांतून परततांना तिची वाट चुकते. वाण्यास किती दिले आणि किती परत घ्यावयाचे याचा मेळ बसत नाहीं. आणि रोजचा व्यवहार दुसऱ्याच्या आधारावांचून चालेनासा होतो. तेव्हां डॉक्टर स्मृतिभ्रंश हा शब्द उच्चारतात.

या दोन टोंकांच्या मध्यें एक पट्टा आहे, आणि आमचा विषय तोच. या पट्ट्यांतील माणसाची स्मृति किंवा विचारशक्ति त्याच्या वयाच्या व शिक्षणाच्या मानानें जितकी असावयास हवी तितकी राहिलेली नसते. हें त्याला स्वतःला किंवा घरच्यांना जाणवलेलें असतें, आणि तपासणींतहि दिसून येतें. परंतु जेवणखाण, कपडालत्ता, औषधें, पैसाअडका, प्रवास हें सर्व तो आपलें आपण पाहतो. फार तर पूर्वीपेक्षां वेळ अधिक लागतो, एखादी चूक होते, मोबाइलचा परवलीचा आंकडा चिठ्ठीवर लिहून ठेवावा लागतो. या स्थितीस ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ असें नांव आहे. आम्ही येथें ‘सौम्य बोधक्षीणता’ हा शब्द योजतों. स्मरण, अवधान, भाषा, दिशेचें ज्ञान, कामाची आखणी करण्याची शक्ति हीं सर्व ‘बोध’ या एका शब्दांत यावींत, एवढाच आमचा हेतु.

वैद्यकास हा मधला पट्टा उशिरां दिसला. टोंकाच्या रोगाकडे लक्ष आधीं गेलें. १९०१ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयांत आउगुस्टे नांवाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉक्टर अलोइस आल्त्सहायमर यांनीं तिला साधेसाधे प्रश्न विचारून तिचीं उत्तरें जशींच्या तशीं टिपून ठेविलीं. १९०६ सालीं ती वारल्यावर त्यांनीं तिचा मेंदु सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासला, तेव्हां पेशींच्या बाहेर सांठलेले ठिपके आणि पेशींच्या आंत वळलेले तंतूंचे गुंते त्यांस दिसले. ठिपके ज्या पदार्थाचे असतात त्यास आज ॲमिलॉइड व गुंते ज्याचे असतात त्यास टाउ म्हणतात. स्मृतिभ्रंशाचीं कारणें अनेक आहेत. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्यानेंहि तो होतो. परंतु त्यांत सर्वांत अधिक आढळणारा रोग हा आल्त्सहायमर यांच्याच नांवानें ओळखला जातो. येथें एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. हे ठिपके मेंदूंत सांठूं लागतात तें विस्मरण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षें आधीं. म्हणजे रोग आंत चालला आहे आणि माणूस बाहेर अगदीं सुखरूप आहे, असा मोठा काळ असतो. मग त्या काळाच्या अखेरीस, स्मृतिभ्रंशाच्या उंबरठ्यावर, कांहींतरी पुसट चिन्ह दिसावयास नको काय?

मॉन्ट्रिऑल येथील मनोवैद्य क्राल यांनीं १९६२ सालीं वृद्धांच्या विस्मरणाचे सौम्य व घातक असे दोन भेद सांगितले. पुढें न्यूयॉर्कचे डॉक्टर राइसबर्ग व त्यांचे सहकारी यांच्या लिखाणांत १९८० नंतरच्या दशकांत सौम्य बोधक्षीणतेचें आजचें नांव आलें. परंतु त्या नांवास नेमका आकार दिला तो अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टर रोनल्ड पीटरसन यांनीं, १९९९ सालीं. त्यांनीं लक्षणें ठरवून दिलीं : विस्मरणाची तक्रार असावी, वयाच्या मानानें स्मृति उणी असावी, इतर बुद्धि शाबूत असावी, रोजचे व्यवहार सुरळीत असावेत, आणि स्मृतिभ्रंश नसावा. पुढें कळून आलें कीं प्रत्येक वेळीं स्मृतीच आधीं ढळते असें नाहीं. कोणाची भाषा अडखळते, कोणाचें अवधान, कोणाचें दिशाज्ञान. म्हणून आतां स्मृतिप्रधान आणि स्मृतीवांचून इतर असे दोन वर्ग करतात. पहिल्या वर्गांतील माणूस पुढें घसरलाच तर बहुधा आल्त्सहायमरच्या रोगाकडे घसरतो.

आतां निदान कसें होतें तें पाहूं. पुष्कळ पालकांची अशी समजूत असते कीं मेंदूचा फोटो काढला म्हणजे सर्व उलगडा होतो. तसें नाहीं. या अवस्थेचें निदान मुख्यतः विचारपूस करूनच होतें, आणि विचारपूस एकट्या रोग्याची करून भागत नाहीं, कारण विसरणाऱ्यास आपण काय विसरलों हेंहि आठवत नसतें. घरांत जें माणूस त्याच्याबरोबर अधिक वेळ असतें त्याची साक्ष फार मोलाची. आम्हांस तर असें वाटतें कीं दिवसभर कचेरींत असणाऱ्या मुलापेक्षां घरीं असणाऱ्या सुनेचें किंवा शाळेंतून दुपारीं परतणाऱ्या नातवाचें म्हणणें डॉक्टरांनीं आधीं ऐकावें. तोच प्रश्न दिवसांतून किती वेळां विचारतात? बिलें वेळेवर भरतात काय? परवां झालेलें लग्न आठवतें काय? हा फरक केव्हांपासून, आणि हळूहळू झाला कीं एकाएकीं? एकाएकीं, म्हणजे दोनचार दिवसांत, माणूस गोंधळला तर तो स्मृतिभ्रंशहि नव्हे आणि सौम्य बोधक्षीणताहि नव्हे; तापाचा, लघवीच्या संसर्गाचा, औषधाचा किंवा डोक्यास लागल्याचा तो परिणाम असूं शकतो, आणि तेव्हां वेळ न घालवितां रुग्णालय गांठावें.

विचारपूस झाल्यावर कसोट्या. यांपैकीं एक मॉन्ट्रिऑल येथें डॉक्टर नासरेद्दीन यांनीं तयार केली. ती २००५ सालीं प्रसिद्ध झाली व आज जगभर चालते. तीस गुणांची ही परीक्षा दहाएक मिनिटांत होते. पांच शब्द सांगून पांच मिनिटांनीं पुन्हां विचारतात; शंभरांतून सात सात वजा करीत जावयास सांगतात; प्राण्यांचीं चित्रें ओळखावयास देतात; घड्याळाची तबकडी काढून तींत अकरा वाजून दहा मिनिटें दाखवावयास सांगतात. आमचे विद्यार्थी म्हणतील, हें तर पहिल्या इयत्तेचें काम! परंतु घड्याळ काढावयाचें म्हणजे वर्तुळाचा आकार, बारा आंकड्यांची विभागणी, ‘दहा’ ऐकून लहान कांट्याऐवजीं मोठा कांटा दोनावर नेण्याची सावधगिरी, इतक्या शक्ति एकाच वेळीं जाग्या लागतात. बोधक्षीण माणूस मोठा कांटा दहाच्या आंकड्यावर नेऊन ठेवतो, आणि त्या एका रेषेंतून डॉक्टरांस पुष्कळ कळतें. सव्विसाच्या खालीं गुण आले तर अधिक तपास करावा असा मूळचा संकेत आहे. बारा वर्षें किंवा त्याहून कमी शिकलेल्यास एक गुण वाढवून देतात.

परंतु आमच्या देशांतील आजीस हा एक गुण पुरा पडेल काय? जिच्या हातीं लहानपणीं पाटीपेन्सिल आली नाहीं, तिला घड्याळ काढतां आलें नाहीं म्हणून तिची बुद्धि नाठी झाली असें म्हणणें हा अन्याय होय. हा अन्याय ओळखून हरियाणांतील बल्लभगढ येथील खेड्यांत एक निराळी कसोटी तयार करण्यांत आली, व ती १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. हिंदींतील या कसोटींत वजाबाकीऐवजीं आठवड्याचे वार उलटे म्हणावयास सांगतात, आणि वाक्य लिहिण्याऐवजीं आपल्या घराविषयीं एक वाक्य तोंडीं बोलावयास सांगतात. निरक्षर माणूसहि येथें आपलें खरें माप देऊं शकतो. याच्या उलट अडचण फार शिकलेल्यांची असते. निवृत्त प्राध्यापक पुष्कळ गमावूनहि सत्तावीस गुण मिळवितात आणि ‘सर्व ठीक’ म्हणून घरीं येतात, पण त्यांच्या पत्नीस मात्र ठाऊक असतें कीं ठीक नाहीं. म्हणून एका दहा मिनिटांच्या कसोटीवर निकाल देऊं नये. ती चाळणी आहे, तराजू नव्हे. शंका राहिल्यास मानसशास्त्रज्ञाकडून दोन-तीन तासांची सविस्तर परीक्षा करवितात.

यापुढील पायरी आमच्या मतें सर्वांत उपयोगाची, आणि दुर्दैवानें तीच पुष्कळदां वगळली जाते. ती म्हणजे बरें होऊं शकणाऱ्या कारणांचा शोध. बी-बारा नांवाचें जीवनसत्त्व मुख्यतः दूध, अंडीं, मांस, मासे यांतून मिळतें. जन्मभर शाकाहारी असून दूधहि बेताचेंच घेणाऱ्या वृद्धांत त्याची उणीव वारंवार आढळते, आणि त्या उणिवेनें स्मृति मंदावते. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावलें तरी तसेंच होतें. साध्या रक्ततपासणीनें दोन्ही कळतात व दोहोंवर स्वस्त उपाय आहेत. झोपेच्या गोळ्या, सर्दीखाजेवरील कांहीं जुन्या गोळ्या व लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेलीं कांहीं औषधें वृद्धांच्या बुद्धीवर धुकें आणतात. अशा गोळ्या औषधाच्या दुकानांतून चिठ्ठीवांचूनहि आणल्या जातात, म्हणून डॉक्टरांस त्यांचा पत्ता नसतो. ज्यास ऐकूं येत नाहीं त्याच्या ध्यानांत तरी काय राहणार? त्याच्या कानांत शब्द शिरलाच नाहीं. विसरण्याचा प्रश्नच नाहीं. रात्रीं घोरतांना श्वास अडकणें, मद्य, डोक्यास मार लागून कवटीखालीं हळूहळू सांठलेलें रक्त हीं आणखी कारणें. या शेवटल्या कारणासाठीं मेंदूचा फोटो मात्र खरोखर कामाचा आहे.

आणि खिन्नता. जोडीदार गेल्यावर जे वृद्ध बोलेनासे होतात, ज्यांस कशांत गोडी वाटत नाहीं, ते कसोटींत कमी गुण मिळवितात. परंतु त्यांचीं उत्तरें चुकीचीं असण्यापेक्षां ‘मला नाहीं येत, सोडून द्या’ अशा धर्तीचीं असतात. उपचारानें ती खिन्नता उतरली कीं पुष्कळांची स्मृति परत येते. तरीहि म्हातारपणीं प्रथमच आलेली खिन्नता हें कधीं कधीं पुढील रोगाचें पहिलें पाऊल असतें, म्हणून अशा माणसावर डॉक्टर कांहीं वर्षें लक्ष ठेवतात.

एवढें सर्व करून ‘सौम्य बोधक्षीणता’ हा निर्णय झाला असें समजूं. पुढें काय? प्रत्येक घरांत हाच प्रश्न पहिला येतो, आणि याचें उत्तर दोन निरनिराळ्या आंकड्यांनीं दिलें जातें. पीटरसन यांच्या १९९९ च्या अभ्यासांत अशा माणसांपैकीं दर वर्षीं शेंकडा बारांस स्मृतिभ्रंश झाला. निरोगी वृद्धांत हें प्रमाण शेंकडा एक ते दोन होतें. हा आंकडा ऐकून छाती दडपते. परंतु २००९ सालीं एक्केचाळीस अभ्यास एकत्र तपासण्यांत आले, तेव्हां असें दिसलें कीं खास स्मृतिरोगाच्या दवाखान्यांत आलेल्यांत हें प्रमाण वर्षास शेंकडा दहाच्या आंतबाहेर, तर वस्तींत घरोघर जाऊन शोधलेल्यांत तें शेंकडा पांचच्या आसपास पडतें. आणि दहा वर्षें लोटलीं तरी अर्ध्याहून अधिक लोक स्मृतिभ्रंशापर्यंत पोंचत नाहींत. दोन आंकडे कां, हें आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं ओळखावें. दवाखान्यांत आपण होऊन कोण येतो? ज्याचें विस्मरण घरच्यांस खुपूं लागलें आहे तोच. तो आधींच उताराच्या पायथ्याकडे पोंचलेला असतो. घरोघरच्या पाहणींत मात्र तात्पुरत्या कारणानें मंदावलेले, त्या दिवशीं झोंप न झालेले, परीक्षेला घाबरलेले असे सर्वच सांपडतात. 

यापेक्षांहि बोलका पुरावा अमेरिकेंतील धर्मभगिनींच्या एका संघाकडून मिळाला आहे, आणि तो आम्ही मुद्दाम सविस्तर देतों. ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघांतील भगिनी बहुतेक शिक्षिका. १९८६ सालीं डेव्हिड स्नोडन नांवाच्या संशोधकानें मिनेसोटा प्रांतांतील त्यांच्या मठांत अभ्यास सुरू केला, आणि पुढें पंचाहत्तर ते एकशेंदोन वर्षें वयाच्या ६७८ भगिनी त्यांत सामील झाल्या. दर वर्षीं बुद्धीची परीक्षा द्यावयाची आणि मृत्यूनंतर मेंदु अभ्यासासाठीं द्यावयाचा, हें त्या सर्वांनीं मान्य केलें. संशोधकास यापरतें भाग्य कोणतें! कारण या सर्व भगिनींचें अन्न एक, राहणी एक, तंबाखूचें व्यसन नाहीं, प्रापंचिक चिंता सारख्या. एकीची बुद्धि शेवटपर्यंत टिकली आणि दुसरीची गेली, तर त्याचें कारण राहणींतील मोठ्या फरकांत शोधावें लागत नाहीं.

मठाच्या दप्तरांत आणखी एक ठेवा निघाला. दीक्षेच्या सुमारास, म्हणजे साधारण बावीस वर्षांच्या वयांत, पुष्कळ भगिनींनीं आपलें आत्मवृत्त एकेका पानांत स्वहस्तें लिहून दिलेलें होतें. दर दहा शब्दांत किती स्वतंत्र कल्पना मांडल्या आहेत हें संशोधकांनीं मोजलें. ज्यांच्या तरुणपणींच्या लिखाणांत कल्पनांची दाटी कमी होती त्यांच्यांत साठ वर्षांनंतर बुद्धि ढळण्याचें प्रमाण पुष्कळच अधिक निघालें. १९९६ च्या लेखांत चौदा मृत भगिनींच्या मेंदूंचा तपास आहे : कमी दाटीच्या लिखाणाच्या सर्व भगिनींच्या मेंदूंत आल्त्सहायमरचा रोग सिद्ध झाला, आणि अधिक दाटीच्या एकीच्याहि मेंदूंत नाहीं. चौदा ही संख्या लहान आहे. शिवाय, चांगलें लिहिल्यानें मेंदु वाचला, कीं मुळांत बळकट असलेल्या मेंदूनेंच चांगलें लिहिलें, हें यावरून ठरत नाहीं. निबंधाच्या वहीवरून कोणीं आपलें भविष्य काढूं नये!

याच संघांतील एक भगिनी १०१ वर्षांची होऊन वारली. ती चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत थोडेंबहुत शिकवीत होती, आणि मृत्यूपूर्वीच्या परीक्षेंतहि तिला उत्तम गुण होते. तिचा मेंदु उघडला तों ठिपके आणि गुंते विपुल! मेंदूंत रोग असून मन अखंड राहिलें, हें कसें? याचा उलगडा संशोधक संचिताच्या कल्पनेनें करतात. ज्या संस्थानाची गंगाजळी मोठी त्यास एखाद्या दुष्काळानें कांहीं होत नाहीं. जेथें शिल्लक थोडी तेथें त्याच दुष्काळांत दिवाळें वाजतें. शिक्षण, वाचन, अनेक भाषांचा सराव, माणसांची ऊठबस यांनीं मेंदूची शिल्लक वाढते असा पुष्कळ पुरावा आहे. उलट, ज्या भगिनींच्या मेंदूंत आल्त्सहायमरचा रोग असून शिवाय एकदोन ठिकाणीं रक्त अडून बारीक इजा झालेली होती, त्यांच्यांत स्मृतिभ्रंश कितीतरी अधिक आढळला. दुष्काळ आणि त्यावर चोरी, असाच तो प्रकार.

आमच्या प्रश्नास नेमकें उत्तर मात्र २०२२ सालीं आलें. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनीं या भगिनींच्या वार्षिक परीक्षांचीं दप्तरें पुन्हां चाळलीं. सौम्य बोधक्षीणता जडलेल्या भगिनी ४७२ होत्या. सरासरी साडेआठ वर्षांच्या काळांत त्यांपैकीं १४३, म्हणजे शेंकडा तीस, निदान एकदां तरी पुन्हां पूर्ववत् झाल्या. आणि या १४३ पैकीं १२० जणींस पुढें स्मृतिभ्रंश झालाच नाहीं. जवळजवळ तितक्याच भगिनी मध्यें एकदांहि न सांवरतां स्मृतिभ्रंशाकडे गेल्या. उरलेल्यांपैकीं बहुतेक त्याच मधल्या पट्ट्यांत असतां वारल्या. ज्या सांवरल्या त्यांत अधिक शिकलेल्या, शाळेंत चांगले गुण मिळविलेल्या आणि लिखाणाची हातोटी असलेल्या भगिनी अधिक होत्या. वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं या सर्वजणी पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्या वयांतहि वाट दोन्ही दिशांनीं चालते. अर्थात् एकदां सांवरलेल्यास कायमची निश्चिंति मिळते असेंहि नाहीं. कधींच न ढळलेल्यापेक्षां त्याचा धोका अधिकच राहतो, म्हणून डॉक्टर पुन्हां तपासणीस बोलावतात.

आतां औषधांविषयीं. स्मृतिभ्रंशांत देतात तें डोनेपेझिल नांवाचें औषध या मधल्या अवस्थेंत देऊन पाहिलें. २००५ सालच्या मोठ्या प्रयोगांत पहिल्या वर्षीं थोडा लाभ दिसला, पण तीन वर्षांअखेर औषध घेतलेले व न घेतलेले सारखेच ठरले. ‘ई’ जीवनसत्त्वाचा तर कांहींच उपयोग झाला नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेंत लेकॅनेमॅब या नव्या औषधास पूर्ण मान्यता मिळाली. तें शिरेंतून देतात व तें ॲमिलॉइड धुवून काढतें. ज्यांच्या मेंदूंत ॲमिलॉइड असल्याचें तपासणीनें सिद्ध झालें आहे त्यांच्यासाठींच तें आहे. दीड वर्षाच्या प्रयोगांत घसरण शेंकडा सत्तावीसनें मंदावली; थांबली नाहीं, उलटलीहि नाहीं; आणि कांहींजणांच्या मेंदूंत सूज किंवा रक्तस्राव झाला. विस्मरणावरील रामबाण म्हणून वर्तमानपत्रांत ज्या गोळ्यांच्या व अवलेहांच्या जाहिराती येतात त्यांविषयीं आम्ही एवढेंच म्हणूं कीं तो पैसा कानाच्या यंत्रासाठीं ठेवावा.

कारण कानाचें यंत्र हें खरोखरच उपायांच्या यादींत आहे. लॅन्सेट या वैद्यक नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें २०२४ सालीं टाळतां येण्यासारखीं चौदा कारणें सांगितलीं, आणि तीं सर्व दूर झालीं तर जगांतील स्मृतिभ्रंशाचा सुमारें शेंकडा पंचेचाळीस भाग टळूं किंवा लांबूं शकेल असा हिशेब दिला. त्यांत ऐकूं न येणें, दिसत नसणें, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा, हवेची घाण हीं आहेत. आणि सर्वांत पहिलें, बालपणींचें अपुरें शिक्षण. रक्तदाबाचा पुरावा विशेष चांगला आहे. अमेरिकेंतील ९,३६१ लोकांवरच्या प्रयोगांत वरचा आंकडा १४० ऐवजीं १२० च्या खालीं ठेवण्याचा यत्न केला, तेव्हां सौम्य बोधक्षीणतेचें प्रमाण सुमारें एकपंचमांशानें घटलें. हा निकाल २०१९ चा. ज्यांस ही अवस्था आधींच जडली आहे त्यांनीं आठवड्यांतून निदान दोनदां व्यायाम करावा, असें अमेरिकेंतील मज्जातंतुवैद्यांच्या संस्थेनें २०१८ सालीं सांगितलें आहे. ज्या देशांत साठीवरील शेंकडा सातांहून अधिक, म्हणजे सुमारें अठ्ठ्याऐंशीं लाख वृद्धांस स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला, त्या आमच्या देशांत रोज संध्याकाळचें फिरणें हा कांहीं महाग उपाय नव्हे.

राहिली घरांतील वागणूक. निदान झालें म्हणून आजोबांच्या हातचा व्यवहार काढून घेऊं नये. ते बँकेंत जात असतील तर जाऊं द्यावे. सोबत कोणीं असावें, पण फॉर्म त्यांनींच भरावा. आजीच्या मोदकांत मीठ राहिलें तर तें मुकाट्यानें घालावें. ‘आत्तांच तर सांगितलें!’ हें वाक्य ज्यांच्या तोंडून सुटतें त्यांनीं तें सुटण्यापूर्वीं गिळावें, कारण ऐकणाऱ्यास तें सांगणें आठवत नसतें. आठवतो तो फक्त स्वर. मृत्युपत्र, वारसाची नोंद, बँकेंतील सह्या हीं कामें मात्र याच काळांत, त्यांच्या मनाप्रमाणें व त्यांच्याच तोंडून ऐकून, पुरीं करून घ्यावींत. पुढें प्रसंग आलाच तर तेव्हां त्यांचें मत विचारतां येणार नाहीं. 

डॉक्टरांकडे जातांना घरांतील सर्व औषधें, वैद्यांची चूर्णें आणि दुकानांतून आणलेल्या गोळ्यासुद्धां एका पिशवींत घालून न्यावींत. चष्मा आणि कानाचें यंत्र विसरूं नये, नाहीं तर परीक्षा बुद्धीची न होतां डोळ्याकानांचीच होते. परीक्षा रोग्याच्या मातृभाषेंत घ्यावी अशी विनंति करावी. आणि घरांतील एखाद्या मोठ्या मुलानें किंवा मुलीनें लहानशी वही ठेवून तींत तारखेसह लिहावें : काय विसरलें, काय आठवलें, कोणतें काम आपलें आपण केलें, कोणत्या कामांत मदत लागली. सहा महिन्यांनीं किंवा वर्षानें पुन्हां तपासणीस बोलावतील, तेव्हां शक्य तर त्याच माणसानें बरोबर जावें आणि तीच वही न्यावी.